पिवळा पडलेला डबा

डबा मुळात पांढरा होता. आतलं श्रीखंड संपल्यावर त्याने नऊ वर्षं या घरात इमानेइतबारे नोकरी केली आणि कायमचा पिवळा झाला. घासा, उन्हात ठेवा, पिवळा तो पिवळाच.

"ओत की रे बंडू, आमटी गार होतेय," शर्वाणी म्हणाली.

बंडू हा २०५१ सालचा स्वयंपाकी यंत्रमानव. त्याची पळी हवेतच थांबली होती. "यात गरम ओतणार नाही."

शेजारच्या तांबोळीचाचींच्या सुनेला, रेश्माभाभीला, सातवा महिना होता. तिला डोहाळे लागले होते शर्वाणीच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, कटाच्या आमटीचे.

"काल बरी ओतलीस!" आबा खेकसले.

"कालही सांगत होतो. तुम्ही माझा आवाज बंद केला होतात."

बंडूने पळी शर्वाणीकडे वळवली.

"शर्वाणी, डबा पिवळा कशाने झाला?"

"हळदीने."

"मग घासून का जात नाही?"

तिने नखाने खरवडून पाहिलं. "आत शिरलीय?"

"बरोबर. म्हणजे प्लास्टिक ही भिंत नव्हे, गुंतलेल्या दोऱ्यांचा गुंता आहे. मधल्या फटींत ते मऊ, टिकाऊ करणारी रसायनं मिसळलेली असतात. उष्णतेने दोरे हलतात, फटी सैल होतात. त्यातली बरीच रसायनं तेलात सहज विरघळतात, आणि तुमच्या आमटीवर बोटभर तवंग आहे."

"अगं बाई! मग मी नऊ वर्षं काय खाल्लं?"

"घाबरू नकोस. येतात ते फार थोडे कण. पण काही रसायनं संप्रेरकांची (शरीरात निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांची) नक्कल करतात. पोटातलं बाळ त्याच निरोपांवर घडतं. तिथे जपलेलं बरं."

"मग स्टीलचा डबा घेऊ!"

आबांची नजर फडताळाकडे गेली. घरात एकच स्टीलचा डबा उरला होता. बाकीचे शेजाऱ्यांकडे गेले ते परत आलेच नाहीत. त्याच्यावर नाव कोरलं होतं, 'सौ. कुमुदिनी'. आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आबा, राहू दे," शर्वाणी हळूच म्हणाली.

आबांनी डबा फडताळातून काढला, धुतलेला असूनही पुन्हा धुतला, आणि बंडूपुढे ठेवला. "ओत. झाकण घट्ट लाव."

चार दिवस आबा दाराच्या प्रत्येक घंटीला स्वतः उठले. तीनदा कुरिअर होतं.

पाचव्या दिवशी चाची आल्या. डब्यात शेवयांची खीर होती. "कुमुदताईंचा डबा रिकामा कसा आणू, भाऊ?"

"चष्म्याला वाफ लागली," म्हणत आबा आत गेले. खीर गार होती.

परत आले ते हुकूम सोडतच. "बंडू, चार नवे डबे आण. बाळ आलं की लागतील. आणि नाव घालून आण."

"कोणाचं?"

"हेच," आबांनी डब्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

पिवळ्या डब्यात आता खिळे असतात. खिळ्यांना संप्रेरकं नसतात. आणि बंडूचा आवाज बंद करायचं बटण शर्वाणीने चिकटपट्टी लावून झाकून टाकलंय.