बासष्ट टक्क्यांवर मेलेला फोन

फ्रीझरमधल्या मटारच्या पिशवीमागून मी माझा फोन बाहेर काढला, तेव्हा तो मेलेला होता. बटण कितीही दाबलं तरी ढिम्म! बंद पडण्याआधी बॅटरी चांगली बासष्ट टक्के होती.

खरी गंमत पुढेच झाली. फोन ओट्यावर तसाच राहिला. थोड्या वेळाने मी सहज बटण दाबलं आणि तो जागा झाला! बॅटरी किती? बासष्ट टक्के! चार्जरला तर मी हातही लावला नव्हता. वीज होतीच, तर मग फोन बंद का पडला?

तुम्ही म्हणाल, फोन फ्रीझरमध्ये ठेवतं का कुणी? आम्ही ठेवतो. सन २०४३ मध्ये जालन्याच्या आमच्या शाळेने हेलियमचा मोठा फुगा स्थितांबरात (हवेच्या वरच्या, अतिथंड थरात) सोडायचं ठरवलं होतं. फुग्याखालच्या पेटीत एक फोन असणार होता. तो फोटो काढून रेडिओवरून खाली पाठवणार होता. त्याचा प्रोग्राम मी सहा महिने खपून माझ्या फोनवर लिहिला होता. हा फोन आधी आईचा, मग ताईचा आणि आता माझा.

पण कुलथे सरांची अट होती की फ्रीझरमध्ये अर्धा तास काम करेल तोच फोन वर जाईल. माझ्या वर्गातल्या ऋग्वेदचा नवा कोरा फोन टिकला होता.

"ऋजुता, सात वर्षांचा फोन म्हणजे पुराणवस्तू गं," माझा फोन बंद पडल्याचं कळताच सर म्हणाले. "लोक दोन-तीन वर्षांत फोन बदलतात ते उगाच का? उद्या दुपारपर्यंत टिकवून दाखव, नाहीतर ऋग्वेदचा पाठवू."

मला रडूच कोसळलं. तशीच सायकल काढली आणि आबांकडे गेले. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. आयुष्यभर त्यांनी बॅटऱ्यांवर संशोधन केलं. आता निवृत्त झालेत, पण मागच्या खोलीत प्रयोगशाळा आहेच, आणि तिथे चिमट्या नावाचा बारीक हातांचा यंत्रमानवही आहे.

मी सगळं सांगितल्यावर आबा खुर्चीतून ताडकन उठले. "ऊब मिळाल्यावर पुन्हा बासष्ट? वा! म्हणजे पेशंट जिवंत आहे! चल परसात."

परसात एक जुना नळ होता. आबांनी तो पूर्ण सोडला, तर करंगळीएवढीही धार येईना.

"टाकीत पाणी नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे की! काठोकाठ भरलेली दिसतेय!"

"मग?"

मी नळात डोकावले. आमच्याकडचं पाणी जड, त्यामुळे आत पांढरा क्षार गच्च साचला होता. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आबा! टाकी रिकामी नाहीये, नळ चोंदलाय!"

"शाब्बास! बॅटरीतही हेच होतं," आबा म्हणाले. "आयन (विद्युतभार असलेले कण) एका पट्टीकडून दुसरीकडे ये-जा करतात, म्हणून वीज मिळते. वर्षानुवर्षं वापरून पट्टीवर थर जाड होत जातो. मग अंतर्गत रोध (विजेला आतल्या आत होणारा अडथळा) वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो. अशात कॅमेऱ्याने आणि रेडिओने एकदम भरपूर वीज मागितली, की विजेचा दाब घसरतो आणि फोन स्वतःला बंद करून घेतो."

"आणि ऊब मिळाली की अडथळा कमी!" मी ओरडले. "पण मग बाकीचा फोन?"

चिमट्याने तपासणी केली. कॅमेरा उत्तम. प्रोसेसर (फोनचा मेंदू) उत्तम. "बिघडलेला भाग एकच, बॅटरी," तो म्हणाला. "फोनला विनाकारण म्हातारा म्हटलं गेलं आहे."

आबा हसले. "काही जण हौसेने फोन बदलतात, काहींना नवे प्रोग्राम मिळेनासे होतात. पण कितीतरी फोन नुसत्या दमलेल्या बॅटरीपायी अडगळीत जातात. अगं, फोन वापरताना जेवढी ऊर्जा लागते, त्याहून कितीतरी जास्त तो बनवताना लागते. खाणीतून काढलेले धातू वेगळेच. म्हणून फोन जितकी जास्त वर्षं चालेल तितकं बरं."

चिमट्याने नवी बॅटरी बसवली. मला मात्र हात लावू दिला नाही, कारण बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते. दुसऱ्या दिवशी सरांसमोर माझा फोन फ्रीझरमधून फोटो काढतच बाहेर आला!

शनिवारी सकाळी मैदानावरून फुगा सुटला. बघता बघता ठिपका झाला आणि दिसेनासा झाला. पेटीबाहेर उणे पन्नास अंश! मैदानात लावलेल्या पडद्यावर फोटो येत होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा. सत्तर. पासष्ट. मग बासष्ट.

आणि पुढचा फोटो येईना.

ऋग्वेदने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात पडदा उजळला. वर काळंभोर आकाश, खाली पृथ्वीची वाकलेली निळी कड! मी आधी कोपऱ्यात पाहिलं.

"एकसष्ट!" मी किंचाळले आणि अख्खं मैदान नाचायला लागलं.

सर माझ्या कानाशी वाकले. "ऋजुता, माझ्या कपाटात चार जुने फोन पडलेत. आबांना विचारशील? पुढच्या वर्षी चार फुगे सोडू."