कचऱ्यातली दोन पानं

"आत्याने चुकीचं बी पेरलं असं तुला तरी वाटतं का?" ढब्बूने विचारलं.

चष्मिसने चष्मा पुसत बसण्याचं सोंग केलं. तिलाच ठाऊक नव्हतं. संशोधन-बागेची रोपवाटिका तिची आई, म्हणजे ढब्बूची आत्या, सांभाळायची. वादळात पडलेल्या एका दुर्मीळ झाडाच्या शेवटच्या सात बिया आईने पेरल्या तेव्हा तिच्या अंगात ताप होता. नंतर ती आठवडाभर अंथरुणावरच होती. आज कामावर येऊन बघते, तर त्या झाडाची पाटी लावलेल्या ट्रेमध्ये उगवले होते गवतासारखे कोंब, प्रत्येकाला एकच पान.

"लिलीचं बी पेरलंत, बाई. सात बियांची माती केलीत," सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता. दुपारी संचालकबाई आल्या की आईची बदली तिकीटखिडकीवर होणार होती. आणि आई भांडलीसुद्धा नाही. "तापात माझंच चुकलं असेल," एवढंच पुटपुटली. चष्मिसला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

तेवढ्यात ढब्बूची धाकटी बहीण धापा टाकत आली. कायम सगळ्यांच्या मागे मागे असायची म्हणून तिचं नाव शेपूट.

"फलकावर सुपरवायझरकाकांचा फोटो लागलाय. दोन ट्रे पुढ्यात मांडून नवरदेवासारखे उभे आहेत."

तिघं पळत ऑफिसपाशी गेली. फोटो मागच्या आठवड्यातला होता, पाहुण्यांच्या भेटीचा. टेबलावर दोन ट्रे, एक आईच्या सात बियांचा आणि एक लिलीचा, दोन्हींत नुसती माती.

चष्मिस फोटोच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, "पाट्या कुठायत?"

रोपवाटिकेत पाटी उपटायची ती रोप मेल्यावरच, हा आईचा नियम. या साहेबांनी मात्र फोटो छान यावा म्हणून दोन्ही पाट्या काढल्या होत्या.

"आणि परत खोचताना अदलाबदल केली," ढब्बू म्हणाला. "पण सिद्ध कसं करणार? माती मातीसारखीच दिसते."

"कोंब दिसतात ना वेगळे." चष्मिसला आता सगळं भराभर आठवत होतं. त्या झाडाचे परागकण आईने तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवले होते. प्रत्येक कणावर तीन चिरा. आई म्हणाली होती, गुलाब, वाटाणा, सूर्यफूल, निवडुंग, सगळी एकाच घराण्यातली भावंडं. साडेबारा कोटी वर्षांपूर्वी यांच्या पूर्वजांनी बाकी फुलझाडांपासून वेगळी चूल मांडली. तोंडावळा पार बदलला, पण परागावरच्या तीन चिरांची खूण बहुतेकांनी जपली. चष्मिस म्हणाली, "यांचं बी उगवताना सहसा दोन पानं काढतं. लिलीचं एकच. मग दुसऱ्या ट्रेमध्ये…"

"तो तर सकाळीच खताच्या खड्ड्यात फेकला," शेपूट म्हणाली. "सुपरवायझरकाका म्हणाले, लिलीत तण माजलंय."

खताच्या खड्ड्याशी पाला कातरणारं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तिघं तिकडे सुटली.

ढब्बू आयुष्यात इतका धावला नव्हता. यंत्र चालवणाऱ्या काकांनी बटण बंद केलं, पण अर्धा ढीग आत गेला होता. उरलेल्या ढिगात तिघं कोपरापर्यंत शिरली. कुजका पाला, तुटके ट्रे, गांडुळं. शेपूट रडत रडत उकरत होती. पहिला कोंब मोडलेला निघाला. दुसरा सुकलेला. बराच वेळ काहीच नाही. मग एक सापडला, ओला, दोन गुबगुबीत पानांचा. त्याच्याच मातीच्या ढेकळात आणखी दोन.

तिघं तशीच चिखलाच्या हातांनी संचालकबाईंपुढे उभी राहिली. बाईंनी पानं भिंगाखाली धरली, फोटो पाहिला, मग सुपरवायझरकडे पाहिलं.

"पाट्या तुम्ही काढल्या होत्या?"

"दोनच मिनिटं, मॅडम," तो खाली बघत म्हणाला.

"सातातली चार गेली त्या दोन मिनिटांत." बाई आईकडे वळल्या. "माफ करा. रोपवाटिका तुमचीच आहे. मुलं हुशार निघाली तुमची. ती नसती तर हे झाड संपलंच होतं."

ढब्बूने छाती फुगवली. आईने तिन्ही रोपं नव्या मातीत लावली, बोटांनी हलकेच दाबली आणि तिथेच बसली.

"सगळे म्हणाले चुकली, तर मीही म्हटलं चुकली," ती चष्मिसला म्हणाली. "एकदा तो दुसरा ट्रे बघायला गेले असते, तर सातही वाचली असती गं."

चष्मिस चिखलाच्या हातांनीच आईला बिलगली.