वरची मूठ

"घरमा जितला जीव, तितल्या मुठी गहू... आनि ही एक वरनी!"

नव्या नवरीपणी, श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजताना सासूच्या, भिकुबाईंच्या तोंडून ऐकलेला तो आवाज दिपमालेच्या कानांत अजून घुमत होता. 'ही कोणाची?' असं तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं रोखून पाहिलं होतं. तेव्हापासून त्या मुठीचा तिला संशयच!

आणि आता देवपुरातल्या त्या घराचा सारा संशय तिच्यावरच वळला होता... रोज दुपारी गच्चीवर ही फोनवर कोणाशी कुजबुजते? खाली येताना डोळे का पुसते?

"कोनसंगे बोलस वं?" भिकुबाई जिन्यातच अडवत. "पापड वाळाले बी इतला टाइम लागत नही!"

 त्या फोनमधून एकदा पुरुषाचा आवाज ऐकल्यापासून नवरा कुंदन तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

काय सांगणार होती ती? जाड होण्याच्या भयानं लेक भाविका अन्नालाच वैरी मानू लागली होती, आणि गळ्याशी बिलगून तिनं शपथ घातली होती, "पप्पांना नको सांगू गं!" गच्चीवर भेटायचे ते अशाच लेकरांचे आईबाप, फोनवरच्या गटातले... तिथं 'तुझंच चुकलं' असं कोणी म्हणत नव्हतं. त्या माउलीनं कलंक पदरी घेतला, पण लेकीचं गुपित सोडलं नाही!

कानबाईचा रोट घराबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही. सणाच्या दिवशी भाविकाच्या ताटातला न खाल्लेला रोट दिपमाला हळूच आपल्या ताटात ओढत होती, तोच भिकुबाई कडाडल्या, "पोरना वाटाना रोट तू खास वं?"

तेवढ्यात फोन वाजला. कुंदननं झडप घालून तो स्पीकरवर टाकला.

"ताई, मी वरणगावहून अभिमन... भाविकानं रोट खाल्ला का हो? नसेल तर रागवू नका. तुम्ही दिलेल्या धीरामुळं माझ्या पोरानं आज अर्धी पोळी खाल्ली!"

कुंदननं फोन दिपमालेच्या हाती दिला. "दिपमाला... मला का नाही सांगितलं?"

"मी शपथ घातली होती, पप्पा!" भाविकाला हुंदका आवरेना.

आता सासूबाई काय बोलतील म्हणून दिपमालेनं डोळे मिटून घेतले. पण भिकुबाई भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होत्या. कुंदनची थोरली बहीण सुगंधा... तापानं गेली, असंच सारे सांगत आले होते. म्हातारी नातीजवळ खाली बसली.

"दिपमाला, त्या फोनवरना लोके मन्हासारखीनं ऐकतीन का वं?... वरनी मूठ सुगंधानी शे. तिले ताप नव्हता, बेटा... ती जेवेच नही. आम्ही तवय लोकेसले 'उपास शे' असं सांगूत!"