आमच्या व्हॅनचा धूर घेऊन जा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. माझ्या वर्गातले हसून मोकळे झालेत. पण हे घडलं आहे, माझ्यासमोर घडलं आहे, आणि रात्री-बेरात्री नाही... भरदुपारी, नागपुरात, गेल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला.

मी मुग्धा. दहावीत आहे, नंदनवनला राहते. माझी आई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. मी पण त्याच व्हॅनने शाळेत जाते, पुढच्या सीटवर, तिच्या बाजूला. बाबा नाहीत. घर त्या व्हॅनवरच चालतं.

व्हॅन माझ्याहून वयाने मोठी आहे आणि जूनपासून तिने आमचं डोकं खाल्लं होतं. नुसती उभी असली तरी थरथरायची. ढुक्-ढुक्-ढुक्... मग मध्येच एक ढुक् गायब. सिग्नलला मुलांच्या वॉटरबॅगा आपोआप डुलायच्या. आणि मागून धूर. एवढा धूर की मागचा स्कूटरवाला शिव्या देतच पुढे निघायचा.

मला गाड्यांमधलं कळतं. खरंच कळतं, उन्हाळाभर मी तेच व्हिडिओ पाहिलेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर येतच राहिला तर इंजिनात पाणी शिरतंय.

आमच्या धुराला कुठलाच रंग धड नव्हता.

ऑइल कमी होत नव्हतं. पाणी कमी होत नव्हतं. प्लग बदलले. एअर फिल्टर बदललं. इंजेक्टर साफ करून झाले. प्रत्येक वेळी गॅरेजमधून घरी येईपर्यंत एकदम शहाणी, आणि गेटपाशी आली की... ढुक्-ढुक्. गायब.

मला रागाने रडू यायचं.

त्यात पीयूसीमध्ये नापास. शाळेने सांगितलं, सोमवारी सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर मुलं दुसऱ्या व्हॅनला देऊ.

म्हणून शनिवारी, तान्ह्या पोळ्याची सुट्टी असूनही, आम्ही लकडगंजला वसंतकाकाच्या गॅरेजवर गेलो. त्याची सगळी माणसं मारबतीची मिरवणूक पाहायला पळाली होती. काका एकटाच, आईच्या शब्दाखातर थांबलेला.

त्याची तपासायची एक पद्धत आहे. आमच्या व्हॅनमध्ये पुढची सीट उचलली की खाली इंजिन दिसतं. ते चालू ठेवायचं आणि प्लगच्या तीन वायरी एकेक करून काढायच्या, बघायचं, परत लावायच्या. वायर काढल्यावर इंजिन गचकलं तर तो सिलेंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर तो मेलेला.

पहिली काढली. गचकलं.

दुसरी काढली. गचकलं.

तिसरी काढली... काहीच नाही.

काकाने मान हलवली. म्हणाला, इंजिन उघडावं लागते, आठवडा तरी धरा वहिनी. आई मोबाईल घेऊन बाहेर गेली. पालकांना काय सांगायचं ते ठरवत असावी.

मी काकाशी वाद घातला. व्हिडिओतला माणूस तर हे असं असं सांगत होता वगैरे.

"मंग त्यालेच बोलाव ना," काका म्हणाला. "मी जातो मारबत पाहाले."

तो गेला नाही. मीच पाय आपटत निघाले.

इतवारीकडच्या चौकात मुंगीला जागा नव्हती. ढोल, गुलाल, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून डोलत येणारी पिवळी मारबत. बाहेरगावच्यांसाठी सांगते. बाईचा प्रचंड मोठा पुतळा असतो. वर्षभरातलं जे जे नकोसं, ते लोक ओरडून तिला घेऊन जायला सांगतात. रोगराई, महागाई, काहीही. शेवटी तिला जाळतात.

मी पण ओरडले. सगळा राग काढून ओरडले.

"आमच्या व्हॅनचा धूर घेऊन जा गे मारबत!"

बाजूची एक बाई हसायला लागली. "काय वं पोरी, धूरच काहून? बाकीचं ठेवून घेते का?"

"सगळंच घेऊन जा," मी म्हटलं. "धूर, आग, काय आत असेल ते सगळं."

तेवढ्यात... वास आला. गुलालात, घामात, उदबत्तीत, आमच्याच व्हॅनच्या धुराचा वास. नाकाजवळून गेला. आणि मग नव्हता.

मी परत आले तेव्हा गॅरेज शांत होतं. मला वाटलं, काकाने इंजिन बंद केलं.

नव्हतं केलं.

इंजिनाचा पट्टा फिरत होता. आवाज असा, की शेजारच्या खोलीत फ्रिज चालू असावा. एकसारखा. एकही ढुक् गायब नाही. खरं तर... ढुक्च नव्हता.

"काय केलं काका?"

"काईच नाही केलं."

त्याने पहिली वायर काढली. इंजिन गचकलं नाही. ती त्याने परत लावली नाही. दुसरी काढली. तसंच. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिसरी काढली.

तिन्ही वायरी त्याच्या हातात होत्या.

इंजिन चालू होतं.

काका मागे सरकला. मी गाडीच्या मागे धावले, सायलेन्सरपुढे हात धरला. धूर नाही. हवासुद्धा नाही. भीत भीत बोट लावलं... थंडगार. सकाळपासून चालू असलेल्या गाडीचा सायलेन्सर.

काकाने वायरी लावल्या, सीट दाबून बसवली आणि बाहेर जाऊन आईला म्हणाला, "झालं वहिनी. न्या."

वाटेत मी आईला सगळं सांगितलं. तिने मला चूप बसवलं. नीट झाली ना गाडी, मग तुझं काय?

पीयूसीवाल्याने नळी आत घातली. स्क्रीनवर शून्य. सगळीकडे शून्य. तो म्हणाला, मशीन अडकलं. एका स्कूटरला लावून पाहिलं, तर आकडे आले. परत आमच्या व्हॅनला. शून्य. त्याने वाकून सायलेन्सरमध्ये डोकावून पाहिलं. मग सर्टिफिकेट काढून दिलं आणि पुढच्या गाडीला हात केला.

एकही मूल गेलं नाही. उलट दोन वाढली. पालक म्हणायचे, किती छान ठेवली हो व्हॅन. मला ओरडावंसं वाटायचं. खुशी माझी जवळची मैत्रीण, ती तर मला मेकॅनिकबाई म्हणून चिडवायला लागली. वसंतकाका माझा फोन उचलत नाही. आईसमोर विषय काढला की ती भांडी आपटते.

गेल्या महिन्यात माझा पेपर लवकर सुटणार होता. घराची किल्ली आणि व्हॅनची किल्ली एकाच कडीत असतात. शाळेसमोर व्हॅन उभी करून आईने अख्खी कडी काढून माझ्या हातात दिली, घराची तेवढी काढून घे म्हणून.

मी ती सोडवत होते... आणि पायाखाली काहीतरी जाणवलं.

बारीक. एकसारखं.

मागची मुलं एकदम गप्प झाली. सगळी. एकाच वेळी.

"आई," मी म्हटलं. "किल्ली माझ्या हातात आहे."

ती समोरच पाहत होती.

"हळू बोल. पोरं ऐकून राहिली." मग म्हणाली, "त्या दिवसापासून ती बंदच नाही झाली."

"रात्री पण? आपल्या गेटपाशी उभी असते तेव्हा?"

"मी झोपतो असं वाटते का तुले?"

तिने मागे वळून मुलांना उतरायला सांगितलं. एक-एक करून, सांभाळून, रोजच्यासारखं. सगळी उतरल्यावर, शेवटी मीही उतरल्यावर, तिने गिअर टाकला आणि दुसऱ्या शाळेच्या मुलांना आणायला निघून गेली.

व्हॅनची किल्ली माझ्याकडेच राहिली.

तिने अजून मागितली नाही.