चार मजले, दोन पानं

"थांबा!" स्टुडिओतल्या काचेपलीकडून चौथ्यांदा आवाज आला आणि तिने हातातली पानं टेबलावर आपटली.

आधीचा रेकॉर्डिस्ट रजेवर गेला म्हणून हा नवा आला होता, त्याला आज चौथा दिवस. ती बोलक्या पुस्तकांसाठी वाचायची. अख्खी कादंबरी पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आली होती. पंधरा दिवसांत संपली नाही, तर दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात जाणार होती. आणि या महाशयांना ओळीओळीला खोट दिसत होती, कधी तर नुसती कापडाची सळसळ!

"आता काय झालं?"

"ते फुस्स... तुमच्या हातातलं."

"नाकात मारायचं औषध आहे. त्याशिवाय मला श्वास घेता येत नाही."

"सोमवारी दर चार तासांनी मारत होतात. आज तासातासाला." त्याने पडद्यावरच्या रेघांवर बोट ठेवलं. "मीच ते आवाज कापतो, म्हणून माहीत. किती दिवस चाललंय हे?"

"पाच... महिने."

"बाटलीवर तीनच दिवस वापरा असं लिहिलंय, बाईसाहेब!"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. म्हणून तर म्हणतोय, डॉक्टरांकडे जा."

ती गेली, निव्वळ त्याला खोटं पाडायला. डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच सांगितलं. सर्दी केव्हाच बरी झाली होती. आता फवाऱ्याचा अंमल उतरला की नाक जास्तच सुजायचं, म्हणून पुन्हा फवारा. आधी एका नाकपुडीत मारणं बंद करायचं, मग दुसरीत. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं आणि त्यांनी दिलेलं दुसरं औषध घ्यायचं. काही दिवस हाल होतील, असंही त्या म्हणाल्या.

हाल झालेच. तिचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येऊ लागला. रागाच्या भरात अहो-जाहो कधी सुटलं, तेही तिला कळलं नाही.

"गेलं माझं पुस्तक! तुझ्यामुळे!"

"जिने चढ," तो शांतपणे म्हणाला. "काल लिफ्ट बंद होती, तू धापा टाकत आलीस. त्यानंतर दहा मिनिटं आवाज मोकळा होता. मी ऐकलाय."

मग तोच परिपाठ पडला. चार मजले चढायचे, धाप ओसरली की दोन पानं वाचायची, पुन्हा चार मजले. तोही सोबत यायचा.

"तू कशाला?"

"मधेच मेडिकलमध्ये सटकशील."

"एवढाही विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. नाकावर नाही."

तिसऱ्या मजल्यावर धाप मात्र त्यालाच लागायची. ती कुरकुरत थांबायची. हळूहळू तिला ते थांबणं आवडायला लागलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. एका दुपारी तिने पर्समध्ये लपवलेली बाटली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं मिटली... तिच्या बोटांसकट. दोघंही उगाचच भिंतीकडे बघत राहिले.

चौदाव्या दिवशी शेवटचं पान संपलं. सरळ, स्वच्छ, एका दमात. नाकाने छान मोठा श्वास घेत ती बाहेर आली. तो वायर गुंडाळत होता.

"झालं पुस्तक," तो म्हणाला. "सुटलीस."

"एवढंच?"

"अजून काय?"

हे मात्र अती झालं! "माझ्या नाकातलं फुस्स तुला ऐकू येतं, कापडाची सळसळ ऐकू येते... आणि मी इतके दिवस तुझ्यासाठी तिसऱ्या मजल्यावर का थांबते, ते तेवढं कळत नाही?"

त्याचे हात थांबले. "कळलंय. केव्हाच कळलं. पण रेकॉर्डिंग चालू असताना आम्ही कामाशिवाय बोलत नाही."

"आता बंद आहे ना?"

त्याने वळून यंत्राचा दिवा नीट पाहिला, तेवढाही वेळ तिला धीर निघेना.

"बंद आहे," तो म्हणाला. "मला तू आवडतेस. खूप. त्या फुस्ससकट."

"फुस्स गेलं," ती म्हणाली. "आता नुसती मीच उरलेय... चालेल?"

"चालेल काय," तो म्हणाला, "धावेल!"