पाखरांचा वळसा

महिन्यातली तिसरी बाजरीची पिशवी आणायला वहिनी निघाल्या, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मशीनवर सहा शर्ट बिनबाह्यांचे पडले होते.

दुकानदारानं वजन करता करता विचारलं, "कोंबड्या पाळल्यात की काय?"

"नणंद पाळलीय," वहिनी म्हणाल्या.

दुकानदार हसला. वहिनींना हसू आलं नाही. पाच किलोंची पिशवी काखेत मारून त्या उन्हातून घरी निघाल्या. डोक्यात एकच विचार होता, की आज काय वाट्टेल ते होवो, वन्संना स्पष्ट सांगायचं.

सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालायचं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गेला तेव्हा त्याची धाकटी बहीण दूरच्या गावी टेलिफोन ऑफिसात ड्युटीवर होती. निरोप मिळून ती येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते तिच्या मनाला फार लागलं. निवृत्त झाल्यावर ती दोन सुटकेसा आणि एक दुर्बीण घेऊन थेट इथंच राहायला आली. "तुम्ही एकट्या, मीही एकटी," असं म्हणाली. वहिनींनाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला?

पण आठच दिवसांत परसाची पाखरांची खानावळ झाली. तुतीच्या फांद्यांना दाण्यांच्या उलट्या बाटल्या लटकल्या, कुंपणाच्या भिंतीवर पाण्याची पसरट भांडी आली. चिमण्या, साळुंक्या, होले, पारवे, सगळ्या जातींची पंगत. वन्सं मागच्या खिडकीत दुर्बीण लावून तासन् तास बसायच्या. आणि वहिनींनी बेतण्याआधी भिजवून वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडावर तासाभरात नक्षी उठायची. ते पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. गिऱ्हाइकांना तारखा देऊन देऊन त्यांच्या नाकी नऊ आले होते.

सगळ्यात जास्त घाण व्हायची ती भिंतीलगतच्या लाकडी बाकावर. दर रविवारी वहिनी तो तारेच्या ब्रशनं घासायच्या. त्या दिवशीही बाजरी ओट्यावर आपटून त्या रागारागानं ब्रश घेऊन परसात गेल्या, आणि थांबल्या.

बाकाच्या मधोमध एक तुकडा लख्ख होता. आजूबाजूला पांढऱ्या शिंतोड्यांचा थर, आणि मध्ये कुणी बसून उठावं तशी जागा कोरी.

"वन्सं! बाकावर बसता तर सगळा पुसून तरी बसा. आपल्यापुरतं पुसायचं ही कुठली रीत?"

खिडकीतून उत्तर आलं, "मी कुठं बसते? मी बसले तर पाखरं येतील का?"

"मग बसतं कोण?"

वन्संनी दुर्बीण खाली घेतली. म्हणाल्या, "तुम्ही आत या. दाणे मी टाकते. तुम्ही फक्त बघा."

वहिनींनी कपाळाला हात लावला. शर्टांच्या बाह्या वाट बघत होत्या. तरी त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

वन्संनी बाकापुढच्या जमिनीवर मूठमूठ बाजरी फेकली आणि आत आल्या. पाच मिनिटांत जमीन दिसेनाशी झाली. दीड-दोनशे पाखरं, अंगाला अंग लावून टिपत होती. नुसता चोचींचा टिकटिक आवाज. एकमेकांना ढकलत, पंखांनी मारत ती पुढं सरकायची, आणि एका ठिकाणी आली की वळसा घालायची. दोन ठिकाणी. दोन लांबट तुकडे, शेजारी शेजारी, तिथं एकही पाखरू पाय ठेवत नव्हतं.

"पावलं आहेत," वन्सं हळूच म्हणाल्या. "दादा येऊन बसतो."

वहिनींच्या अंगावर काटा आला होता, आणि त्याहून जास्त चीड आली होती. कुणाची, ते कळत नव्हतं.

"किती दिवस?"

"मी आले तेव्हापासून. म्हणून तर दाणे टाकते हो. नाहीतर मला कुठलं पाखरांचं वेड! दाणे टाकले की कळतं तो आलाय ते..."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तुम्ही चिडला असता."

"चिडलेच आहे!"

पाखरं उडून गेल्यावर वहिनी गळ्यातली टेप काढून परसात गेल्या. हा त्यांचा स्वभाव. शंका आली की माप घ्यायचं. जमिनीवर सगळे दाणे टिपलेले होते. फक्त दोन पावलांच्या आकारात बाजरी जशीच्या तशी पडली होती. त्यांनी बाकावरची कोरी जागा मोजली. मग बाकाच्या कडेपासून पावलांपर्यंतचं अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. गुडघे टेकून तिसऱ्यांदा मोजलं.

आत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता.

"वन्सं, सत्तावीस वर्षं मी तुमच्या भावाचे कपडे शिवलेत. बसायला त्यांना सतरा इंच लागायचे. ही जागा साडेआठ इंच आहे. एवढ्या जागेत लहान मूल बसतं."

"झिजला असेल..."

"आणि पाय बाकापासून साडेचार फुटांवर आहेत. एवढे लांब पाय असलेल्या कुणाचंच माप मी आजवर घेतलेलं नाही. हे ते नव्हेत."

वन्सं खुर्चीत बसल्या. तोंडावरचा रंग उतरला होता. त्या म्हणाल्या, "वहिनी, मी रोज त्याच्याशी बोलते हो... रोज सांगते, दादा, उन्हात बसू नकोस. घर तुझंच आहे. आत ये."

वहिनींनी एवढंच विचारलं, "मग?"

"आधी तो भिंतीपाशी उभा असायचा. मग तुतीखाली. बाकावर याच आठवड्यापासून बसतो."

बाकापासून मागचं दार आठ पावलांवर होतं.

त्याच दुपारी वहिनींनी बाक भंगारवाल्याला देऊन टाकला. बाटल्या उतरवल्या, भांडी पालथी घातली, दाराला कडी लावली. दाणे बंद. "विकतचं दुखणं ते, संपलं," असं म्हणून त्या मशीनवर बसल्या.

दोन-तीन दिवस पाखरं रिकाम्या फांद्यांवर येऊन ओरडली, मग यायची थांबली. परस स्वच्छ झालं. कापड पांढरं शुभ्र वाळू लागलं. पण वहिनींचं कामात लक्ष लागेना. टाके वाकडे जायला लागले. पाखरं होती तोवर निदान ते कुठं आहे ते दिसत होतं. आता ते तुतीखाली होतं, दारात होतं की आणखी कुठं, काही कळायला मार्ग नव्हता. परसात जायचं तर कुठं पाय ठेवावा, असं व्हायचं.

पाचव्या दिवशी त्या स्वतःच उठल्या आणि बाजरीचं घमेलं घेऊन बाहेर गेल्या.

"आता काय करताय?" वन्संनी विचारलं.

"तुम्ही करून ठेवलंय ते निस्तरतेय!"

अख्ख्या परसभर त्यांनी दाणे टाकले. पाखरं आली. भिंतीपासून दारापर्यंत जमीन भरून गेली, आणि कुठंही, अगदी कुठंही, मोकळी जागा नव्हती.

"गेलं," वन्सं म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "वहिनी, गेलं हो!"

वहिनींनी मागचं दार सताड उघडलं आणि घमेल्यातले उरलेले दाणे शिवणाच्या खोलीत फरशीवर फेकले.

आधी एक चिमणी उंबऱ्यावर आली. मग चार. मग होले मान हलवत आत शिरले. खोलीत चोचींची टिकटिक भरली. मशीनच्या डाव्या बाजूला, वहिनींच्या स्टुलाला अगदी खेटून, पाखरांनी वळसा घातला.

त्या दिवसापासून रोज सकाळी घरात दाणे पडू लागले. दुसरं करणार काय? ते कुठं आहे ते बघायचं आणि मग तिथून अंग चोरून कामाला लागायचं. कापडांवर प्लॅस्टिक, मशीनवर प्लॅस्टिक. एका डागासाठी वर्षभर भांडलेल्या वहिनी आता सकाळ-संध्याकाळ सगळं घर घासत होत्या आणि वन्संना बोल लावत होत्या. वन्सं ऐकून घेत होत्या. दोघींची जेवणं उभ्यानं व्हायची. एकीनं झोपायचं, दुसरीनं दिवा लावून बसायचं, असं चाललं होतं. वन्सं आता त्याच्याशी बोलत नव्हत्या. कधीतरी वहिनींना वाटायचं, ते वाट बघतंय, कुणीतरी बोलावं म्हणून.

अशातच एका सकाळी औषधांच्या दुकानातल्या बाई आल्या. शांत, हसतमुख बाई. वन्संच्या गोळ्या घरपोच आणून द्यायच्या, पैशांची घाई करायच्या नाहीत. त्यांच्या हातात एक जुना निळा झगा होता.

"आईचा आहे. माझ्या मापाचा करून द्याल? अगंबाई, घरात चिमण्या! काय सुंदर!"

वहिनींनी त्यांना आरशापुढं उभं केलं, झगा अंगावर चढवला आणि तोंडात टाचण्या धरून कंबरेला चुण्या घ्यायला वाकल्या. पायाशी पाखरं टिपत होती. मोकळी जागा स्टुलाशी होती. वहिनी एक डोळा तिकडं ठेवूनच होत्या.

बाई आरशात बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"हुबेहूब आई दिसते हो मी," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले. घर खायला उठतं. एकदा तरी यावं तिनं... यावं आणि राहावं माझ्याकडं."

वहिनींचे दात टाचण्यांवर आवळले गेले. फरशीवर पाखरांची लगबग झाली. स्टुलाजवळची जागा भरली. एक वळसा खोलीच्या मध्यावर पडला, मग दुसरा, त्याच्या बराच पुढं. आणि मग बाईंच्या मागं, अगदी मागं, दोन लांबट जागा मोकळ्या झाल्या.

वहिनींनी टाचण्या तळहातावर थुंकल्या, तोवर बाई डोळे पुसून झगा उतरवतही होत्या. "आठवड्यानं येते," असं म्हणून त्या निघाल्या.

वहिनी पुढच्या दारापर्यंत धावल्या. गल्लीत पारवे उतरले होते. बाई चालत गेल्या, पारवे बाजूला झाले आणि त्यांच्यामागं पुन्हा एकत्र आले. मग, वाऱ्यानं फाकावेत तसे, ते दुसऱ्यांदा बाजूला झाले.

आता तोंडात टाचण्या नव्हत्या. हाक मारली असती तर बाईंना ऐकू गेली असती. वहिनी चौकट धरून उभ्या राहिल्या. बाई कोपऱ्यावर वळल्या.

"कोण गेलं?" मागून वन्संनी विचारलं.

"गेलं," वहिनी म्हणाल्या. "दार लावा."

त्या आठवड्यात दोघी पोटभर जेवल्या, रात्रभर झोपल्या. परसात पुन्हा कापड वाळू लागलं. झगा वहिनींनी दुसऱ्याच दिवशी शिवून टाकला आणि इस्त्री करून खुंटीला लावला. त्याच्याकडं बघायचं मात्र त्या टाळत होत्या. वन्संच्या गोळ्या संपल्या होत्या. आणायला दोघींपैकी कुणीच गेलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी वन्सं पुढच्या खिडकीतून म्हणाल्या, "वहिनी, बाई येताहेत."

वहिनी खिडकीशी आल्या. त्यांनी आधी बाईंच्या मागं बघितलं. मागचे पारवे दाटीवाटीनं दाणे शोधत होते, कुठंही फट नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला. बाई चांगल्या दिसत होत्या. हसत होत्या. खिडकीतल्या दोघींना त्यांनी हात केला.

"वहिनी," वन्संनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "मागं नका बघू... पायाखाली बघा."

बाई पारव्यांच्या थव्यातून सरळ चालत येत होत्या. एकही पारवा हलला नाही, जणू तिथून कुणी चालतच नव्हतं. पायाखालचेसुद्धा माना खाली घालून तसेच टिपत राहिले. बाई फाटकातून आत आल्या, पायऱ्या चढल्या, आणि दारावरची घंटा वाजली.