जागृतीची दुर्बीण

विश्वास ठेवा म्हणून मी आग्रह करणार नाही. माझ्याबरोबर जे झालं, तेवढंच सांगतो. गेल्या डिसेंबरातली पहाट. वैतरणा स्टेशनपलीकडची खाडी.

मी बोईसरजवळ सरावलीत राहतो. माझी बायको जागृती त्याआधीच्या पावसाळ्यात वारली.

दर थंडीत आम्ही खाडीवर पक्षी बघायला जायचो. दुर्बीण एकच. जागृतीचा उजवा डोळा अधू, म्हणून ती भिंगाची रिंग पार डावीकडे फिरवायची. माझ्या हातात आली की सगळं धूसर.

"तुझ्यामुळे उडाला बघ!" मी चिडायचो.

"माझ्या डोळ्यानं बघा की एकदा," ती हसायची.

त्या पहाटे मी एकटाच गेलो. रिंग घरीच माझ्या डोळ्याला लावून घेतली होती.

ओहोटी होती. चिखलात पक्ष्यांचा मोठा थवा किडे टिपत होता. बांधाखाली बायडी नावाची ओळखीची बाई शिंपल्या वेचत होती.

अचानक सगळा किलबिलाट थांबला...

थव्यातले थोडे पक्षी उडाले. लगेच मागे बसले. मग त्यांच्या पुढचे उडाले...

मधून कोणी चालत यावं, तसे.

पण तिथं कोणीच नव्हतं.

मी दुर्बीण लावली. धूसर.

रिंग चाचपली... पार डावीकडे.

फिरवून नीट केली. नुसता चिखल दिसला. पुन्हा डावीकडे नेली...

त्या धूसरपणात कोणीतरी उभं होतं. हात हलवत होतं.

मला ती एकदा दिसायला हवी होती. बस, एकदाच. मी बांध उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत आला, तरी दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही.

"दादा! कुठं चाललं तुमी? भरती आली हाय!"

"बायडी, ती उभी आहे तिथं."

"तिथं कोण पण नाय!"

तिनं स्वेटर धरून मला मागे ओढलं. बांधावर येऊन वळलो, तर चिखलावर पाणी चढलं होतं.

मुलगी किंजल म्हणते, "पप्पा, देऊन टाका ती दुर्बीण."

नाही देववत. रोज रात्री रिंग माझ्या डोळ्याला लावून कपाटात ठेवतो. सकाळी ती पार डावीकडे असते.

ती हात हलवत होती... 'या' म्हणत होती, की 'परत जा'?

यंदाची थंडी पडली आहे. ओहोटी कधी आहे, ते काल बायडीला फोन करून विचारलं.

तिनं सांगितलं नाही.